झाकणाच्या आतली तारीख

नाही हो मास्तर, बसवायची कुठली — बसवलेलीच आहे तुमच्या ह्या गेमच्या मशीनमध्ये चिप. या, इकडे दिव्याखाली या, असे. ही बघा, नखाएवढी हिरवी पट्टी दिसते ना, तीच. विकणाऱ्यानं काय सांगितलं तुम्हाला, कोरं मशीन आहे, कुणी उघडलेलं नाही? तो काय हो, स्वतःच्या आजीला कोरी म्हणून विकेल. मला पहिल्या स्क्रूलाच कळलं होतं. स्क्रूवरची बुचं नीट बसवलेली, पण खाली एका स्क्रूचं तोंड घासलेलं — म्हणजे कुणीतरी आत जाऊन आलंय. तुमच्या पोरांची कॉपी केलेली डिस्क चालत नाही ती चिप नाही म्हणून नव्हे, एक तार सुटलीय म्हणून. बावीस तारा असतात ह्यात, केसाएवढ्या. एक सुटली की मशीन म्हणतं डिस्क ओळखत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. बसा. ते नाही, ते स्टूल नको, ते रुकियाचं आहे, माझ्या बायकोचं. ती येईलच आता जेवण घेऊन. त्या खोक्यावर बसा. चहा गार झालाय पण पुदिना ताजा आहे, घ्या.

हे लाल लाल ठिपके दिसतात ना तारांवर? रक्त नाही हो, मास्तर! नेलपॉलिश आहे. एके काळी ह्या दर्ब घलेफच्या बाजारात शंभर माणसं चिपा बसवत होती, आणि शंभरही जण तारा गरम डिंकानं चिकटवायचे. मशीन तापलं की डिंक पातळ होतो, तार हलते. नेलपॉलिशनं धरलेली तार हलत नाही. ही पद्धत फक्त आमच्या दुकानाची. बाटली रुकियाची असायची, लाल — लग्नाबिग्नाला लावायची ती, मी घेऊन यायचो आणि ती आठवडाभर घरात शोधत बसायची. तर ठिपके बघितल्यावर मी म्हटलं, माझंच काम दिसतंय. पण नाही. मी तारा तिरक्या नेतो, जवळची वाट. ह्या बघा कशा काटकोनात वळवल्यात — सरळ, मग वळण, मग परत सरळ. एवढा वेळ कोण घालवतो आत, जिथं कुणी बघणारही नाही? अनवर. माझा मुलगा. हो, आहे एक. म्हणजे होता. आहे की होता ते घरात कोण बसलंय त्यावर ठरतं आमच्याकडे.

नाही, उठू नका, माझं काही दुखत नाही त्यात. खरंच सांगतो, काही वाटत नाही. अठरा वर्षं झाली. दात उपटायला गेलं की इंजेक्शन देतात ना, मग जीभ गालाला लागते आणि गाल दुसऱ्याच कुणाचा वाटतो — तसं आहे. उतरलंच नाही ते. सोल्डर करताना बरंच पडतं म्हणा, तार जागच्या जागी बसते.

तो गेला रमजानच्या तिसऱ्या दिवशी. सत्तावीस सप्टेंबर, दोन हजार सहा. वर लाराशच्या किनाऱ्यावरनं लाकडी होडी निघाली होती, माणसं चोरून समुद्रापलीकडे परदेशी नेणारी, बरोबर रोजा सोडायच्या वेळेला — किनाऱ्यावरचे शिपाई तेव्हा सूप प्यायला बसतात, एवढी अक्कल त्या होडीवाल्याला होती. एकतीस जण. पलीकडे कुणी पोचलं नाही. चार जण वाळूवर सापडले, त्यात आपला नव्हता. पण जो पोरगा ऐन वेळी घाबरून होडीतून उतरला, त्यानं स्वतः येऊन सांगितलं मला, ह्याच जागी उभं राहून — अनवर पुढच्या टोकाला बसला होता, हिरवं जाकीट. म्हणजे शंका नाही. मला कधीच नव्हती. आम्ही चाळिसावा दिवस केला, पठण झालं, कुसकुसचं ताट मशिदीत पाठवलं, त्याचे बूट दान दिले. रुकियानंच दिले, स्वतःच्या हातानं, नाड्या धुऊन.

मग डिसेंबरात एक गिऱ्हाईक मशीन परत घेऊन आलं. असंच, तार सुटलेली. ती त्या स्टुलावर बसली होती, माझं जेवण व्हायची वाट बघत. मी झाकण काढून उलटं ठेवलं आणि तिनं ते उचललं. झाकणाच्या आत मार्करनं तारीख लिहिलेली, अनवरच्या अक्षरात. वीस अकरा दोन हजार सहा. वीस नोव्हेंबर! होडी सप्टेंबरात बुडालेली. तिनं ती तारीख बोट ठेवून तीनदा वाचली — आकडे येतात तिला, आणि सुटे शब्द जेमतेम — आणि मला म्हणाली, अहो, हा नोव्हेंबरात होता की! तो गेलाच नाही! इथंच कुठंतरी दुसऱ्याच्या दुकानात बसतोय, तुमच्यावर रागावून.

आता तुम्ही मास्तर आहात, हिशेब तुम्हाला लगेच कळेल, पण आधी पद्धत कळली पाहिजे. बाकीचे दुकानदार झाकणाच्या आत लिहायचे ते काम केल्याची तारीख. मी नाही. मी लिहायचो गॅरंटी संपायची तारीख. तीन महिने पुढची. का? कारण गिऱ्हाईक येऊन घोळ घालतं — महिना तीसचा की एकतीसचा, धरला कुठून, ईदची सुट्टी धरायची की नाही. मी म्हटलं, मरायचा दिवस आधीच लिहून ठेवा, भांडण मिटलं. अनवरला मीच शिकवलं तसं. म्हणजे वीस नोव्हेंबर लिहिलं असेल तर काम झालंय वीस ऑगस्टला. तेव्हा तो इथंच होता, माझ्या शेजारी, तोंड फुगवून. एवढंच होतं ते. एक वाक्य होतं सांगायचं.

नाही सांगितलं.

काय सांगू तुम्हाला, तिचा चेहरा — राहू द्या. ती म्हणाली, इथंच असेल ना हो? मी म्हटलं, असेल. बस, एक शब्द. ती उठली आणि दिलेले बूट परत मागायला गेली! ज्याला दिले होते त्याच्या दारात जाऊन, चुकून दिले हो, मुलगा यायचाय म्हणून. त्यानंही दिले बिचाऱ्यानं, पायातले काढून. अजून आहेत दाराशी. दर गुरुवारी पुसते. तिला ह्या धंद्यातलं काही कळत नाही, हे बरंच आहे. अठरा वर्षं रोज दुपारी त्या स्टुलावर बसते, मी जेवेपर्यंत समोरचं सगळं बघते, पण चिप कुठली आणि तार कुठली, विचाराल तर सांगता यायचं नाही. कधी विचारलंही नाही तिनं. मी म्हणतो, चाललंय ना. ती म्हणते आहे, मी म्हणतो असेल. फक्त घरात मासा येत नाही. समुद्र इतका जवळ, तारली मातीमोलानं मिळते, पण त्या वर्षापासून रुकियानं चुलीवर मासा चढवला नाही. मी विचारलं एकदा. म्हणाली, वास सोसत नाही. बायकांचं असतं काहीतरी.

झाली, तार लागली. आता बघा, तुमचं झाकण मी मघापासून उपडं ठेवलंय. उगाच नाही. उलटा ते. हं.

दोन ओळी. वरती — लावली, बारा आठ. खाली — गॅरंटी, बारा अकरा. दोन्ही तारखा, दोन हजार सहाच्या, शब्दांसकट! असं आमच्या दुकानात कधी कुणी लिहिलं नाही. आणि त्याच्या खाली बघा — नाव. अनवर. त्यानं नाव लिहिलंय, मास्तर.

आमचं भांडण त्यावरूनच झालं होतं. म्हणाला, बा, काम मी करतो, गिऱ्हाईक मला विचारत येतं, झाकणात आत माझं नाव लिहू दे. आत, बरं का, जिथं कुणी बघत नाही. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, दुकान बूशायबचं आहे, म्हणजे माझं. नाव लिहायची खाज असेल तर स्वतःचं दुकान काढ, जा. हे ऑगस्टात. जा म्हणालो. लोकांना मी सांगतो की पोराला परदेशाचं वेड होतं. नव्हतं हो. त्याला काटकोनात तारा वळवायचं वेड होतं. हे — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतोय कळत नाही. तुम्ही परके म्हणून असेल. आणि बारा ऑगस्टला त्यानं माझ्या नकळत लिहिलं. किती मशिनांत लिहिलं असेल? एवढ्या वर्षांत माझ्याकडे हे पहिलं आलं.

किती वाजले? बारा वीस? ती साडेबाराला येते. मिनिटभर इकडेतिकडे होत नाही. येते, त्या स्टुलावर बसते आणि जे झाकण उलटं असेल ते उचलून बघते, सवयच आहे — पुढची तारीख शोधते, असं मला वाटतं. आणि ह्या झाकणावर तर लहान पोरालाही कळेल. लावली बारा आठ, गॅरंटी बारा अकरा. दोन ओळी वाचल्या की अठरा वर्षांपूर्वीचा वीस नोव्हेंबर गेला. बूट गेले. दुसऱ्यांदा चाळिसावा घालायचा आम्ही? ह्या वयात?

हो, स्पिरिटच आहे. कापूस द्या तो. नाही, झाकण लावून टाकून चालणार नाही, तुमचं मशीन चालू करून दाखवायचंय ना, ती आली की म्हणेल उघडा बघू, तिला दाखवावं लागतं. पुसतो. सगळं नाही, फक्त वरची ओळ आणि खालचा तो गॅरंटी शब्द. बारा अकरा राहील. नाव राहील. उलट खूश होईल ती, नाव बघून — नोव्हेंबर आणि नाव. हळूच. अठरा वर्षांची शाई आहे, सुटत नाही — सुटली. हं, बघा, गेली वरची. आता हा शब्द. जास्त घेतलं का मी? अरे — अरे, धरा, तिरपं धरा, ओघळ खाली — कापूस! दुसरा द्या, कोरडा, लवकर —

असू द्या. असू द्या, मास्तर, तुमचा काय दोष. स्पिरिट आहे, ते वाहणारच. तारीखही गेली. नावाचं पहिलं अक्षर राहिलंय बघा, एक उभी रेघ. आपल्या अरबी लिपीत ते अक्षर म्हणजे रेघच. बाकी निळं पाणी. काही वाटत नाही म्हणालो होतो ना मी. आणखी काही राहिलंय का त्यावर? मला दिसत नाहीये नीट, तुम्ही बघा.

आली. सलाम म्हणा. ये रुकिया, बस. हे मास्तर, तिकडच्या शाळेत शिकवतात, पोरांसाठी जुनं मशीन आणलंय. काही नाही गं, तार सुटली होती. वास? स्पिरिटचा. झाकण मळलं होतं, पुसलं. काही नव्हतं त्यावर. ठेव ते खाली, ओलं आहे, रुकिया, हाताला — ठेव. काय आणलंयस, मसूर? छान. मास्तर, हे बघा चालू झालं, हिरवा दिवा, तुमची डिस्क फिरतेय, ऐका. पोरं नाचतील. आता काय विचारताय? गॅरंटी? गॅरंटीचं आपण —

काय? काय म्हणालीस तू?

नाही, मास्तर, तुम्हाला ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. ती म्हणतेय, तीन महिने. म्हणतेय, तारीख झाकणात आत लिहून देतील, ती आजची नसते बरं का, संपायची असते, घोळ करू नका. ह्यांची पहिल्यापासून हीच पद्धत आहे.

पहिल्यापासून.

रुकिया, तू कधीपासून — ते वीस नोव्हेंबर वाचलंस तेव्हाही तुला —

नको. नको सांगू. डबा उघड.

मास्तर, तुम्ही निघा आता. नाही, काही द्यायचं नाही, तारेचं काय घ्यायचं. मशीन न्या. झाकण राहू द्या. झाकणाशिवायही चालतं ते, वर फडकं टाका धुळीला, उद्या या, दुसरं देतो बसवून. हे तिच्या मांडीवर आहे, अंगठा ठेवून बसलीय त्या रेघेवर, तिच्याकडून आता मला काढून घेता यायचं नाही. जा. जाताना तो पडदा ओढून घ्या, आम्ही जेवतो.