बादलीभर पाणी, थेंबभर शाई

...आणि शाई! अहो, भाजल्यावर शाई! तुम्हाला सांगतो, सात समुद्र ओलांडून डॉक्टरी शिकलो, तिकडची नोकरी नाकारली, म्हटलं आपल्या माणसांत जायचं, त्यांची सेवा करायची... आणि कोठी भागात दवाखान्याची पाटी लावली, तर पहिला पेशंट आला तो निळा! डावा हात मनगटापर्यंत निळाशार! मला वाटलं, हा कुठला नवीन रोग? तर म्हणे, भाजलंय. अहो पण कुठं, किती, ते दिसायला नको?

हे आमचे हणमंतराव. सरकारी कचेरीत कारकून, हिमायतनगरात आमच्याच गल्लीत बिऱ्हाड. सध्या आमच्या जुन्या निजामी राज्याची वाटणी चाललीय ना, मराठवाडा मुंबईकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं, तशी फायलींचीही वाटणी! गठ्ठे बांधायचे, गाठीवर तापलेली लाख ओतायची, वर मोहोर मारायची. खिडक्या बंद, का तर कागद उडतात. मधोमध शेगडी. तिथं माणूस भाजणार नाही तर काय गारठणार? आणि भाजला की टेबलावर दौत हजरच!

म्हटलं, "हणमंतराव, भाजलं की गार पाणी! दुसरं काही नको!"

"पाण्यानं फोड येतो, डॉक्टरसाहेब."

त्यांच्या मंडळी मालनबाई कळवळल्या, "अगं बाई, विलायतेला जाऊन लेकरू एवढंसुद्धा विसरलं!"

हात पिकला, ठणकला, अंगात ताप भरला, कसाबसा बरा झाला. श्रेय कुणाला? शाईला! "शाई होती म्हणून वाचला हो!"

मग मीच गेलो कचेरीत. व्याख्यान द्यायला! अंगात लोकरीचा सूट, कारण आईचं म्हणणं, विलायतेचा डॉक्टर साध्या सदऱ्यात कसा दिसेल? मी सांगतोय, "घाम हा शरीराचा पंखा आहे, तो सुकला की अंग निवतं, म्हणून कपडे सैल घाला, खिडक्या उघडा..." आणि सांगता सांगता पाठ खाजवतोय! घामोळ्या हो, मानेपासून कमरेपर्यंत! लतीफमियाँ चपराशी म्हणतो, "डाक्टरसाब, पहले अपनी पीठ का इलाज करो ना!"

सगळे हसले. हणमंतरावही हसले... आणि हसता हसता लाख ओतली ती उजव्या हातावर!

उजवा हात! अहो, त्यांचं मोत्यासारखं अक्षर, उर्दूत तसंच मराठीत. एक नोव्हेंबरपासून मुंबईच्या कचेरीत हजर व्हायचं. नेहमी म्हणायचे, "तिथं आपल्याला ओळखतंय कोण? हे अक्षर हीच ओळख." तो हात डाव्यासारखा पिकला, बोटं आखडली, तर? मी कोपऱ्यातली बादली ओढली. "गार पाणी! दुसरं काही नको!"

"पानी नक्को साब, पानी से फोडा आता!" लतीफमियाँ आडवा. सगळी कचेरी आडवी. एकजण दौत घेऊन धावतोय. हणमंतरावांनी हात काखेत दाबलाय, डोळ्यांत पाणी, आणि ओरडतायत, "मेलो तरी पाणी नाही!" तिकडं कातडी शिजतेय आणि इकडं आमची चर्चा!

काय करणार? दौत हिसकावली आणि बादलीत थेंबभर शाई टाकली.

"ही विलायती पद्धत आहे. तिकडं शाई अशीच लावतात."

लतीफमियाँ म्हणाला, "हौ क्या?"

हात गेला बादलीत! हणमंतरावांना दोन मिनिटांत बरं वाटलं, लगेच काढायला लागले. मी ओरडलो, "काढू नका! शाई मुरू द्या!" पाणी कोमट झालं की बदलायचं, पुन्हा एक थेंब. चहा आला, चहा संपला, हात आपला पाण्यात!

एवढासा फोड आला, सुकला. बोटं मोकळी. सिकंदराबादला गाडीत बसताना हणमंतराव तोच हात उंचावून सगळ्या फलाटाला सांगत होते, "हे आमचे शाईवाले डॉक्टर!"

झालं! आता दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. कढईवर भाजलेला हलवाई येतो, तो बाटली घेऊन. गजकर्ण झालेला विचारतो, "लाल चलती क्या, साब?" खरूजवाला अख्ख्या घरादाराला घेऊन येतो, वर प्रत्येकाची दौत वेगळी! मी घसा फोडून सांगतो, "अहो, गुण पाण्याचा! गार पाणी! दुसरं काही नको!" तर मान डोलावतात, "हौ हौ साब, शाई के साथ."

काल घरी आलो. पाठीची नुसती आग. सूट भिरकावला आणि म्हटलं, "आई, बादलीभर गार पाणी दे गं."

आईनं बादली आणली. दुसऱ्या हातात दौत.

"आई, नुसतं पाणी!"

"नुसत्या पाण्यानं कधी कुणाला गुण आलाय का रे? त्या हणमंतरावांना विचार!"

तुम्हाला सांगतो, वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं. पाठ केली तिच्याकडं, डोळे मिटले आणि म्हटलं, "टाक बाई, टाक... आणि जरा मुरू दे."