पाट मोकळा नव्हता

मी मूळची कोरेगावकडची, सातारा जिल्हा. वडील शाळेत शिपाई, आणि चित्रकलेच्या परीक्षा झाल्या की पोरं अर्धवट वापरलेल्या रंगाच्या वड्या टाकून जायची, त्या ते वेचून आणायचे, तिथून माझं सुरू झालं. पुढं हट्टानं चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, पण नोकरी लागायच्या आत लग्न लागलं. आमचे हे एअरफोर्समध्ये. वडिलांनी लग्नात सागवानी पाट दिला, चांगला रुंद, मी म्हटलं बाबा, पाटावर कोण बसतंय आता, तर म्हणाले असू दे, कामाला येतो.

लखनौला आलो ते इथंच, सरोजिनी नगरला, नि काय सांगू तुम्हाला, मला ही जागा अजिबात आवडली नव्हती. सपाट. आमच्याकडं खिडकी उघडली की डोंगर, इथं नुसतं आभाळ नि आंब्याच्या बागा, चितारायचं काय? मग म्हटलं चला, आभाळ तर आभाळ. जलरंगात ढगाला पांढरा रंग लावत नाहीत, तेवढा कागद कोरा सोडतात, नि कुठं थांबायचं ते हाताला कळायला मला चार-पाच वर्षं लागली. आणि कागद ताणावा लागतो, हे नाही सांगितलं तर पुढचं कळणार नाही तुम्हाला. कागद भिजवायचा, लाकडावर चारी कडांना कणकेची खळ लावून चिकटवायचा, वाळला की ताठ होतो. मग रंगवायचं, नि सगळं खडखडीत वाळल्याशिवाय कापून काढायचं नाही, नाहीतर पापडासारखा वेडावाकडा होतो. माझ्याकडं फळी कुठली, बाबांचा पाट होता.

पोरगा चार वर्षांचा असेल तेव्हा. इथं एक मोठं प्रदर्शन भरायचं, त्याला जन्मात पहिल्यांदा चित्र पाठवायचं ठरवलं, नि शेवटचा दिवस नेमका गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. मागच्या बागेवर पाऊस चढून आलाय, असं रंगवलं चतुर्थीच्या आदल्या दिवशी. चुकले कुठं, तर सातारच्या हिशेबानं चालले. तिकडं वारं असतं, तासाभरात वाळतं. इथं भाद्रपदात हवाच ओली, सकाळ झाली तरी कागद गारच्या गार. आणि आमचा गणपती बसतो पाटावर, त्याच पाटावर, सासूबाई मुद्दाम गावाहून आलेल्या, कॉलनीतली मराठी मंडळी आरतीला दारात उभी. हे म्हणाले, पाट दे. मी म्हटलं, ओला आहे. म्हणाले, काप की मग. काप की! जशी काय भेंडी कापायचीय.

मी म्हटलं, पाट मोकळा नाही, देवाला दुसरं आसन बघते.

सासूबाई म्हणाल्या, देवापेक्षा चित्र मोठं झालं का गं? खोटं कशाला बोलू, रडू आलं, पण पाटाला हात लावू दिला नाही. शेजारच्या भाभींकडं गेले, म्हटलं भाभी, ज़रा चौकी दे दीजिए, गणपतीजी को बिठाना है, नि त्या बिचारीनं आपल्या पूजेतली चौकी पुसून दिली. छान बसला की देव. सासूबाई मात्र विसर्जनापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि चित्र? परत आलं. निवडलंच नाही. एवढं करून हात रिकामेच, यांच्यासमोर जेवायला बसायची लाज वाटायची मला. पण आठवड्याभरात परत कागद ताणला, म्हटलं आता तर सोडतच नाही.

पुढच्या चतुर्थीला हे स्वतः एक चौरंग करून घेऊन आले सुताराकडून. म्हणाले, हा देवाचा. पाट तुझा. एवढंच. वर्षभर मनात धरून होता माणूस, नि मला पत्ता नाही.

त्याच प्रदर्शनात चौथ्या खेपेला माझं चित्र लागलं, मग लागतच गेली. थंडीत गोमतीकाठी स्टूल टाकून बसायची, लोक विचारायचे, मैडम, सर्वे कर रही हैं क्या? मी म्हणायची, हाँ भैया, आसमान का. एअरफोर्स सुटल्यावर यांना इथंच बँकेत नोकरी लागली, तीही संपली, तेव्हा हे म्हणाले चल आता साताऱ्याला, तर मी म्हटलं, इथलं आभाळ अजून जमलेलं नाही. राहिले बिचारे.

हे गेले, त्याला दोन वर्षं झाली. आता माझे गुडघे दुखतात. मुलगा जानकीपुरमला असतो, त्याला मराठी कळतं सगळं, बोलतो हिंदीत, आई, अब बस करो, हमारे पास आ जाओ. मी म्हणते येते, पण पाट ठेवायला जागा काढ आधी.

परवा चतुर्थी. चौरंग पुसून ठेवलाय. तुम्ही एवढ्या लांबून आलात, बसून ऐकलंत, सुखी राहा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. फक्त तिकडनं जपून जा, पंख्याखालून. पाटाला हात लावू नका, कागद ओला आहे.