वैशूची हँडलवाली गाडी

त्या दिवशी मुलुंडला माझी पार वाट लागली होती रे. माझ्या बहिणीचा, वैशूचा, उजवा पाय चालत नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने दाबता येतील अशी जुनी गाडी तिला हवी होती. वर्षभर शोधून एक सापडली. डीलर फोनवर म्हणाला, "ठेवतो, या." आम्ही चारकोपहून पोचलो, तर म्हणतो, "सॉरी ताई, आत्ताच गेली."

गाडी समोरच उभी. मेकॅनिक तिचं हाताचं हँडल काढायला बसला होता आणि गाडी घेणारे काका सांगत होते, "काढून टाक, गुडघ्याला लागतं."

वैशू कुबडी टेकत पुढे गेली. "काका, गाडी तुमची. ते हँडल तरी मला द्या."

"याने गाडी चालते?"

"बसा, दाखवते. लायसन्स आहे माझं."

दोघं गाडी घेऊन गेटबाहेर गेली. वीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही, आणि वैशूचा फोन माझ्याच खिशात. डीलर म्हणाला, "ठोकली तर नाही ना?"

शेवटी गाडी आली. काका उतरले आणि डीलरला म्हणाले, "कागदावरचं माझं नाव खोड, हिचं लिही. मला काय, इथली कुठलीही चालेल."