व्याह्यांचा चहा

शर्यतीत एका सेकंदानं दुसरी आलेली राजेश्वरी धाराशिवच्या बसस्थानकात तोंड पाडून बसली होती. पळणं कायमचं सोडायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. त्याच शर्यतीत पळालेले एक आजोबा मागच्या बाकावर बायकोशी बोलत होते.

"आवो, समद्यात शेवटी आलात, अन् हसताय काय?"

"लई मजा आली!"

"मधीच कुठं थांबला होता?"

"व्याही दिसले. राम राम न घालता पुढं कसं पळावं?"

"राम रामाला अर्धा तास?"

"त्यांनी चहा टाकला. व्याह्यांच्या चहाला न्हाय म्हणावं का?"

"मग?"

"मग तेबी माझ्यासंगं पळाले की!"

राजेश्वरीला काही उमजेना. तिनं वळून विचारलं, "बाबा, तुम्हाला एकूण वेळ किती लागला?"

आजोबांनी डोकं खाजवलं.

"चहा धरून सांगू, का सोडून?"