साबणातली किल्ली

...आणि त्या किल्लीवाल्या मावशी सगळ्यांसमोर मला म्हणतात, "चोरीच करायची होती तर कपड्याचा साबण घ्यायचास, हा गुलाबाच्या वासाचा कशाला नासवलास?" आता यावर माणसाने काय बोलायचं, तुम्हीच सांगा. चोरी म्हणे. कुणाची? माझीच. मी माझीच गाडी चोरायला निघालो होतो, भर दुपारी, हातात साबण घेऊन... अहो, गाडी माझी आहे. माझ्या नावावर आहे, माझ्या कमाईची आहे, तिच्या टाकीवरचा पोचासुद्धा मीच पाडलेला आहे. एवढं सगळं माझं, फक्त किल्ली तेवढी माझ्याकडे नाही.

तुम्हाला सांगतो, मी एवढं बोलणाऱ्यातला नाही. दुकानात मला गप्पू म्हणतात. फ्रीज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, शाळा अर्धवट सोडली तेव्हापासून मी तिथेच, आणि मशीन कितीही बिघडलेलं असू दे, माझं त्याच्याशी जमतं, कारण मशीन उलटून बोलत नाही. माणूस समोर आला की मी पान्हा शोधायला लागतो. तुमच्यापुढे सुटलोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. लागत असतात तर आत्तापर्यंत मी "बरं, येतो" म्हणून निघालो असतो. आणि इथे तर गाठ भावोजींशी होती.

भावोजी म्हणजे ताईचे मिस्टर. मी त्यांच्याकडेच राहतो. माणूस वाईट नाही हं, अजिबात नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं, भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं, हे कुठे शिकवतात का? मी गाडी घेतली, जुनीच घेतली, आधीच्या मालकाने एकच किल्ली दिली, म्हणाला दुसरी हरवली. आणि त्याच आठवड्यात भावोजींची स्कूटर बंद पडली. "जरा पाच मिनिटं नेतो रे." मी मान हलवली. संपलं. ती पाच मिनिटं अजून चालू आहेत.

कारण परत आल्यावर त्यांनी काय केलं माहीत आहे? किल्ली मला दिली नाही, आपल्या जुडग्यात ओवली. "एकत्र राहिल्या की हरवत नाहीत बघ." त्यांचं ते जुडगं म्हणजे... दरवाजाची किल्ली, कपाटाची किल्ली, ऑफिसच्या ड्रॉवरची, माळ्यावरच्या पेटीची, शिवाय एका कुलपाची, जे त्यांनी स्वतःच्या हाताने भंगारात दिलंय, आणि एक नेलकटर. आणि त्यात माझी किल्ली, नवीन सुनेसारखी कडेला. एकदा त्या कड्यात गेलेली वस्तू परत आलेली मी तरी पाहिलेली नाही. मग रोज सकाळी मी बसच्या खिडकीत, आणि बाजूने माझीच गाडी मला मागे टाकून चाललेली. वर भावोजी मला हात दाखवणार. प्रेमाने. मीही दाखवणार. बसमधला माणूस विचारतो, "ओळखीचे का?" म्हटलं, हो, गाडी ओळखीची आहे.

हेही चाललं असतं, मी आयुष्यभर बसने गेलो असतो, माझी काही तक्रार नाही... पण शनिवारी मालकांनी सगळ्यांना समोर उभं केलं. म्हणाले, "सोमवारपासून आपण घरी जाऊन दुरुस्ती करणार. ज्याच्याकडे गाडी तो फिरतीवर. ज्याच्याकडे नाही, त्याने मागच्या खोलीत बसून मशीनच्या मोटारी पुसायच्या." आणि माझ्याकडे वळून, "काय गप्पू, तू गाडी घेतलीस ना? का नुसतंच ऐकायचं आम्ही?" सगळे हसले. तुम्हाला आमच्या दुकानातली पद्धत माहीत नाही. फिरतीवर जाणाऱ्याला मालक 'कारागीर' म्हणतात. मागच्या खोलीत बसणाऱ्याला 'ए'. मी इतकी वर्षं 'ए' आहे. मी कॉम्प्रेसरचा नुसता आवाज ऐकून सांगतो काय झालंय ते, आणि मी 'ए'. म्हटलं, बस्स. गाडी माझी आहे आणि सोमवारी ती दुकानासमोर उभी राहणार.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मागायची किल्ली. हो, मागायची. मी तयारी पण केली होती. शनिवारी संध्याकाळी दुकानात एक दोन दारांचा फ्रीज उभा होता, उंचीला बरोबर भावोजींएवढा. त्याच्यासमोर उभा राहून मी बोललो. "भावोजी, तुमचा मान आहेच, पण आता मला कामाला गाडी लागते, तेव्हा किल्ली द्या." काय सुरेख बोललो. फ्रीजने सगळं ऐकून घेतलं. घरी गेलो, जेवायला बसलो, भावोजी समोर, मी म्हणालो, "भावोजी..." ते म्हणाले, "हं?" मी म्हणालो, "मीठ द्या."

मग रविवारी दुपारी ते झोपले. जुडगं खुंटीला. आणि मला वाटलं, मागायचीच कशाला? दुसरी करून घ्यावी गुपचूप. पण अख्खं जुडगं न्यायचं म्हणजे वाटेभर खणखणाट, आणि त्या कड्यातून एक किल्ली सुटी काढायची तर नखं तुटतात. म्हणून मी न्हाणीघरातून साबण आणला, ताईचा, नवा कोरा, आणि खुंटीपाशी उभा राहून किल्ली त्यात दाबली. एक बाजू. मग दुसरी बाजू. छाप असा सुबक उठला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तेवढ्यात भावोजी कुशीवर वळले आणि झोपेतच म्हणाले, "कोण आंघोळ करतंय?"

आता ऐका. जोड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली किल्लीवाल्या मावशींची टपरी आहे. कोऱ्या किल्ल्यांच्या माळा टांगलेल्या, मधे ते घासायचं छोटं यंत्र, आणि मावशी चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. समोर एक बाई कुलूप अडकलेली बॅग घेऊन बसलेली, शेजारी घड्याळवाला. मी रुमाल उघडला. साबण पुढे केला. मावशींनी तो हातात घेतला, उलटा केला, वास घेतला, आणि मग त्या जे बोलल्या ते तुम्हाला आधीच सांगितलं. बॅगवाल्या बाईने बॅग मांडीवर ओढून घेतली.

मी म्हणालो, "मावशी, गाडी माझी आहे."

"असं? मग किल्ली कुठाय?"

"भावोजींकडे."

"मग गाडी भावोजींची."

"नाही, नाव माझं आहे."

"कागद दाखव."

आता कागद. तुम्हाला सांगतो, कागद कपाटात. कपाटाची किल्ली जुडग्यात. जुडगं खुंटीला. मी हे सगळं क्रमाने सांगितलं, अगदी खरं खरं, आणि जसजसं सांगत गेलो तसतसा मला स्वतःलाच मी चोर वाटायला लागलो. घड्याळवाला डोळ्याचं भिंग काढून म्हणतो, "बघा, कसा थरथरतोय. सराईत नाही अजून." म्हटलं, अहो मी कायमच असा थरथरतो, परवा एका गिऱ्हाइकाने नुसतं नाव विचारलं तेव्हाही...

मावशींनी साबण कागदात गुंडाळून आपल्या डब्यात ठेवला. जप्त. "हे बघ पोरा, साबणावरून, फोटोवरून, चित्र काढून आणलंस तर चित्रावरून मी किल्ली करत नाही. उद्या कुणाची गाडी गेली तर लोक माझ्या दारात येतात. लाव फोन तुझ्या भावोजींना."

"ते झोपलेत."

"मग उठतील."

मी फोन लावला. काय बोललो ते मला आठवत नाही, पण काहीतरी भयंकर बोललो असणार, कारण थोड्याच वेळात भावोजी आले. कशावरून? माझ्या गाडीवरून. मागे ताई. भावोजींचा सदरा उलटा. उतरता उतरता म्हणतात, "कुठे लागलं? किती लागलं? डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हणालो, काही लागलं नाही. ताई म्हणाली, "मग किल्लीवाल्याकडे काय करतोयस?" मावशींनी डबा उघडला. ताईने बघितलं. "अगंबाई, हा माझा साबण."

"म्हणूनच," भावोजी म्हणाले, आणि जुडगं नाकाशी नेलं. "तरीच म्हटलं, किल्लीला गुलाबाचा वास कुठून..."

घड्याळवाला आता काम सोडून उभाच राहिला होता. बॅगवाली बाई म्हणाली, "माझं कुलूप राहू द्या मावशी, आधी यांचं होऊ दे." मला वाटलं जमीन फाटली तर बरं. आणि ताई माझ्याकडे बघून म्हणते, "का रे, मागायला तोंड नव्हतं तुला?"

तुम्हाला सांगतो, तिथे माझं काहीतरी झालं. फ्रीजसमोरचं सगळं भाषण विसरलो. 'मान' विसरलो, 'तेव्हा' विसरलो, 'पण' विसरलो. एकच वाक्य उरलं होतं आणि ते बाहेर आलं, आणि इतक्या जोरात आलं की जोड्यांच्या दुकानातून दोन गिऱ्हाइकं बाहेर आली, एकाच्या एकाच पायात जोडा.

"गाडी माझी आहे."

मला वाटलं आता भावोजी चिडणार, आणि मला तेच हवं होतं हो, एकदा तरी. पण ते काय म्हणाले? शांतपणे, सदऱ्याची बटणं शोधत... बटणं आतल्या बाजूला गेलेली... म्हणाले, "मग? तुझीच आहे. मी कुठे म्हटलं माझी आहे? तुझी आहे म्हणून तर मी वापरतो. परक्याची असती तर हात लावला असता का?"

आता बोला. घरची माणसं अशी तुम्हाला जिंकून देतात आणि वर तुम्हीच हरलेले असता. कालचा मी असतो तर म्हणालो असतो, "बरं." पण समोर तो साबण होता, त्याच्यावर माझ्या किल्लीचा छाप, आणि उद्या सोमवार. मी म्हणालो, "सोमवारपासून मला ती पाहिजे. रोज. सकाळी. तुमच्याआधी. मी फिरतीवर जाणार आहे, मला मागच्या खोलीत बसायचं नाही." आणि पुढे म्हणालो, "पाच मिनिटं झाली, भावोजी."

ताईने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळलं नाही. भावोजी माझ्याकडे बघत राहिले, जणू घरातली खुर्चीच बोलायला लागली. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. तुम्ही मीठ दिलंत."

मावशी म्हणाल्या, "ऐकलंत ना? काढा आता किल्ली त्या कड्यातून." भावोजींनी प्रयत्न केला. नख तुटलं. त्यांचं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी मावशींनीच पक्कड घालून कडं उघडलं, किल्ली सुटी केली, यंत्रात एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि सुरू. कर्रर्र... पितळेचा चुरा उडतोय, कोऱ्या पट्टीला दात फुटताहेत, आणि मी बघतोय, बाळाला दात येताना आई बघते ना, तसा. पहिल्यांदा लावली तर किल्ली अडकली. मावशींनी कानशीने दोनदा घासली, फुंकर मारली, "लाव आता." फिरली. दिवा लागला. गाडी चालू झाली. जोड्यांच्या दुकानातल्या एका पायाच्या गृहस्थांनी टाळी वाजवली.

आणि भावोजींनी काय करावं? दोन्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. जुनी आणि नवी. म्हणाले, "दोन्ही तुझ्याजवळ ठेव. ह्या सगळ्यांदेखत सांगतो, आजपासून मी तुझ्या किल्लीला हात लावणार नाही." शब्दाचा पक्का माणूस आहे, हं. मी दोन खिशांत दोन किल्ल्या घालून घरी आलो. गाडी मी चालवली. ताई मागे बसली. भावोजी चालत आले.

सोमवारी लवकर उठलो, हत्यारांची पिशवी भरली, खाली उतरलो. तर गाडीशेजारी भावोजी. इस्त्रीचा शर्ट, सुलटा. डोक्यावर हेल्मेट, हातात डबा. मी म्हणालो, "भावोजी, किल्ली..."

"हात लावला का मी?" ते म्हणाले. "गाडी तुझी, किल्ली तुझी, चालवायचंही तूच. मी फक्त मागे बसणार." आणि बसले.

त्यांचं ऑफिस माझ्या दुकानाच्याही पुढे, पार टोकाला. वाटभर मागून चालूच. "गिअर टाक... एवढा नको... ते कुत्रं बघ... क्लचवरून हात काढ, प्लेटा जळतील... तुझी गाडी आहे म्हणून सांगतोय हं, माझी असती तर गप्प बसलो असतो." त्यांना पोचवलं, वळवली, दामटली, आणि वेळेत दुकानासमोर उभी केली. मालक बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. टाकीवरच्या पोच्याला हात लावला. आणि म्हणाले, "या, कारागीर."

हो, म्हणाले. मी ऐकलंय. सगळ्यांनी ऐकलंय.

मग विचारलं, "बोला, पहिलं काम कुठलं घेता?"

म्हटलं, "पहिलं करून आलोय मालक. आणि संध्याकाळचं शेवटचं मला देऊ नका, सहा वाजता तोच माणूस परत आणायचाय."