गयाबाईला बोलवा

अनोळखी नंबर आला की मी फोन उचलत न्हाई, म्हणून हसता ना तुमी? मग काहून ते ऐका.

आखाडा बाळापूरला आमच्या गल्लीत तवा फोन फक्त आमच्याच घरी. दर बाजाराच्या दिवशी दुपारी एका माणसाचा फोन यायचा. "समोरच्या गयाबाईला बोलवा." मी दारातून हाक मारायचो, "गयाबाई, फोन!" ती बिचारी पदर सावरत गल्ली ओलांडून यायची, तोवर फोन कट. विचारलं तर म्हणायची, "मला कोण करतंय बाबा फोन?"

शेवटी वैतागून मी नंबर दिसणारा डबा आणून जोडला. नंबर निघाला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कॉइन बॉक्सचा. तिथून आमचं दार बराबर दिसतं. पळत गेलो, तर रिसीव्हर नुसता लोंबकळून राहिला होता.

पुढं गयाबाई वारली. महिनाभरानं पुन्हा तोच नंबर.

"गयाबाईला बोलवा."

मी भडकलो. "अरे, मेली ती! काहून तकलीफ देऊन राहिला?"

"ठाऊक हाय," तो हळूच म्हणला. "तरी एकदा हाक मारा."

मला काय झालं कुणास ठाऊक. रिसीव्हर टेबलावर ठेवला, दारात गेलो अन् तिच्या कुलूपबंद घराकडं बघून ओरडलो, "गयाबाई, फोन!"

गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

परत येऊन रिसीव्हर कानाला लावला. या खेपेला फोन कट झाला नव्हता.

"दिसली," तो म्हणला. "ठेवा आता."