व्हॉल्व्हखालचं पाणी

अणुभट्टीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक फिटर आणि त्याची गरोदर बायको बसली होती. त्याच्या लघवीच्या तपासणीचा निकाल यायचा होता.

"हातमोजे का नाही घातलेत?"

"अगं, वाटलं थंड पाइपला घाम आलाय. फडक्यानं पुसलं आणि घरी आलो. व्हॉल्व्ह गळत होता हे दुसऱ्या दिवशी कळलं."

"वास नाही आला?"

"वास नाही, रंग नाही. त्या पाण्यात ट्रिटियम होतं, म्हणजे किरणोत्सारी जड हायड्रोजन. त्याचं पाणी आपल्या पाण्यासारखंच दिसतं."

"आणि कातडीतून आत जातं?"

"त्याचे किरण कातडीवरच अडतात. पण ते पाणी आत मुरतं, श्वासातूनही जातं. मग अंगभर पसरतं."

"कायमचं?"

"छे! एरवी निम्मं व्हायला बारा वर्षं लागतात, पण अंगातलं दीडेक आठवड्यात निम्मं निघून जातं. म्हणून तर म्हशीसारखं पाणी पितोय."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! निघतं कुठून?"

"लघवीतून, घामातून."

"श्वासातून?"

"थोडं."

"म्हणून बाहेरच्या खोलीत झोपायला लागलात! मला म्हणालात, घोरतो म्हणून."

"तू घाबरली असतीस गं."

"पण ज्या दिवशी पुसलंत, त्या रात्री तर माझ्या शेजारीच होतात."

त्यानं हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"अहो, त्या रात्री ठाऊक होतं तुम्हाला?"

"नव्हतं गं, देवाशपथ!"

दार उघडून नर्सनं त्याला हाक मारली. उठली मात्र ती, पोटावर हात धरून.

"ताई, आधी माझी तपासणी करा."